खडीचा दसरा

खरसवाडीच्या प्रशिक्षण केंद्रात प्रत्येकीला एक आठवडा मासा, एक आठवडा खडी आणि एक आठवडा पालक व्हावं लागे. त्याशिवाय दाखला मिळत नसे. यात कुणाला काही विशेष वाटत नसे. शिवणाच्या वर्गाला जाणारीला सुईत दोरा ओवावाच लागतो, तसं हे. त्याला प्रात्यक्षिक म्हणत.

केंद्राच्या पाटीवर ॲक्वापोनिक्स असा शब्द होता. तो गावात कुणाच्या जिभेवर नीट बसला नाही, पण काम सगळ्यांना कळलं होतं. खाली एका टाकीत मासे पाळायचे. मासे खातात आणि पाणी घाण करतात. ते पाणी पंपाने वर खडीच्या वाफ्यात चढवायचं. खडीवर डोळ्यांना न दिसणारे जीव वस्ती करून असतात. ते त्या घाणीचं खत करतात. खत पालकाला मिळतं आणि निवळलेलं पाणी परत खाली माशांकडे येतं. माती नको, पाट नको. ज्या गावात टँकर आला की हंड्याला हंडा भिडतो, तिथे हौदभर पाण्यात भाजी आणि मासळी दोन्ही निघतात म्हटल्यावर बचत गटाच्या बायकांनी पटापट नावं घातली. दाखला मिळाला की टाकी आणि पंप घरी मिळणार होता.

तानूबाई लेंगऱ्यांची सून उज्ज्वला त्यातलीच एक. आपली सून सोमवारपासून मासा होणार हे कळल्यावर तानूबाईंनी एकच विचारलं, "मंगळसूत्र ठेवायचं का काढायचं?"

"सोबतीच्या माणसाकडे द्यायचं," केंद्र चालवणारे तोडकर सर म्हणाले.

दवाखान्यात पेशंटबरोबर कुणी तरी राहावं लागतं, तसा केंद्रातही नियम होता. प्रात्यक्षिकाच्या काळात प्रत्येकीबरोबर घरचं एक माणूस हवं. त्याने सकाळ-संध्याकाळ खाद्य टाकायचं, बगळा हाकलायचा, मांजराला जवळ येऊ द्यायचं नाही. उज्ज्वलाचा नवरा दिलीप ट्रक घेऊन गुजरातेत गेला होता. म्हणून तानूबाई वळकटी घेऊन केंद्राच्या पत्र्याच्या शेडमध्ये येऊन राहिल्या. येताना म्हैस शेजारी बांधून आल्या होत्या आणि सुनेला वाटभर ऐकवत होत्या.

"माणसानं माणसाचं शिकावं. ह्यो कसला मेला वर्ग!"

"आत्या, तीन आठवडे फक्त," उज्ज्वला म्हणाली.

"आन् तिथल्या पाण्याला वास मारतोय."

"माशांचं पाणी आहे. वास येणारच."

"तुला काय, तुला कशाचाच वास येत न्हाई. तुझ्या मोरीत बघितलं की मला कळतं."

तानूबाईंचा स्वच्छपणा पंचक्रोशीत माहीत होता. त्यांच्या चुलीपाशी मुंगीसुद्धा पाय पुसून येते, असं लोक म्हणत. आठ वर्षांत सासू-सुनेचं जे काही वाजलं, ते भांड्याच्या बुडावरून, फडक्यावरून आणि मोरीवरूनच.

सोमवारी सकाळी प्रार्थना झाली. तोडकर सर टाकीच्या पायरीवर मस्टर घेऊन उभे राहिले. वयाने लहान, एकोणतिशीचे, पण मस्टर हातात आलं की आवाज जाड व्हायचा. तिघी आपापल्या जागी चपला काढून उभ्या होत्या.

"उज्ज्वला दिलीप लेंगरे. मासा."

"हजर."

टाकीत डुबुक् झालं. पायरीवर ओल्या पावलांचे ठसे राहिले.

"नसीम अल्ताफ मुलाणी. खडी."

"हजर," नसीम म्हणाली, आणि रिकाम्या वाफ्यात खडी ओतल्याचा खळाळ झाला. तिचा नवरा अल्ताफ शेजारीच उभा होता. त्याने वाफ्याच्या काठावर अंगठ्याने दोनदा टिचक्या मारल्या. त्याचं गावात सायकलचं दुकान होतं. तो दुपारी तिकडे जाणार आणि तिन्हीसांजेला येणार असं ठरलं होतं.

पालकाच्या जागी मंदा शेळके होती. तीही हजर म्हणाली आणि वाफ्यात खडीतून हिरवी पानं वर आली. तिच्या सोबतीचं माणूस हजेरीपुरतं थांबून रानात जायचं, ते रात्रीच परत यायचं.

टाकीत तिलापिया जातीच्या साध्या मासळ्या पुष्कळ होत्या, तरी आपली सून कोणती हे ओळखायला तानूबाईंना वेळ लागला नाही. खाद्य टाकलं की बाकीच्या सगळ्या अंगावर धावून येत. एक मात्र मागच्या कोपऱ्यात थांबून असायची. सगळ्यांचं झालं की पुढे यायची आणि तळाशी राहिलेलं वेचायची.

"खा की गं पुढं होऊन," तानूबाई म्हणायच्या. "इथं कोण बसलंय बघायला?"

मंगळवारी सरांना जिल्ह्याच्या ठिकाणी बैठकीचं बोलावणं आलं. ते दोन दिवसांसाठी गेले. अल्ताफ दुकानात गेला. तानूबाईंनी खाद्य टाकलं, बगळा हाकलला, शेड झाडलं, पायऱ्या धुतल्या आणि मग त्यांना काही काम उरलं नाही. त्या वाफ्यापाशी आल्या आणि एक खडा उचलून बघितला. तपकिरी, चिकट, बुळबुळीत. बोटाला शेवाळासारखं लागलं. त्यांनी बोट पदराला पुसलं आणि परत वाफ्याकडे बघितलं.

घट बसायला थोडेच दिवस राहिले होते. गावात घरोघरी साफसफाईचा दसरा निघाला होता. माळ्यावरची भांडी खाली आली होती, गोधड्या ओढ्याला धुऊन झुडपांवर वाळत पडल्या होत्या. आणि इथे ही एवढी घाण, त्या घाणीतून गळणारं पाणी खाली जातंय, आणि त्या पाण्यात आपली सून. शिवाय ती खडी म्हणजे कोण? मुलाण्यांची नसीम. चांगली गोरीगोमटी पोर. तिच्या अंगावर हा मळ.

तानूबाईंनी पंप बंद केला. केंद्रात मोठा हंडा होता, तो चुलाण्यावर चढवला. घरून येताना धुण्याचा सोडा आणलेला होता. मंदाला त्यांनी मुळांसकट हलक्या हाताने उपटून बादलीत पाण्यात ठेवलं. मग घमेल्याने खडी बाहेर काढली, उकळतं पाणी आणि सोडा ओतला, काथ्याने एक एक मूठ घासली, पुन्हा पाणी ओतलं आणि सगळी खडी पोत्यावर उन्हात पसरली. दिवस कलायच्या आत खडी कडकडीत वाळली. पांढरी, लख्ख, हातात घेतली की खणखणणारी. तानूबाईंनी ती परत वाफ्यात भरली, मंदाला जागच्या जागी रोवलं, पंप लावला आणि कंबरेवर हात ठेवून बघत उभ्या राहिल्या.

संध्याकाळी अल्ताफ आला. त्यालाही कौतुक वाटलं.

"मावशी, आमची नसीम उजळली की!"

"घरी न्हाऊमाखू घालत न्हाईस व्हय रे तिला?"

दोघं हसले. अल्ताफने काठावर टिचकी मारली. टिचकीचा आवाज आदल्या दिवसापेक्षा कोरडा आला. तेव्हा ते कुणाच्या ध्यानात आलं नाही.

गुरुवारी सकाळी पाण्याला वास आला. हा नेहमीचा माशांचा वास नव्हता. नाकात झोंबणारा, गोठा चार दिवस काढला नाही की येतो तसा. मासे सगळे वर आले होते. पाण्याच्या अगदी कडेला तोंडं लावून ते उघडझाप करत होते. तानूबाईंनी खाद्य टाकलं. एकानेही तोंड लावलं नाही. त्यांनी मागच्या कोपऱ्यात बघितलं. ती तिथे होती. तीही वर आली होती. तिचे कल्ले आतून लालभडक दिसत होते.

"उज्ज्वला," तानूबाई म्हणाल्या. "उज्ज्वला, खाली जा. वर बगळा हाय."

ती खाली गेली नाही.

एस.टी.तून उतरून सर फाटकातून आत आले तेच वाफ्याकडे बघून थबकले. त्यांनी पिशवी खाली ठेवली, खडा उचलला, नाकाशी नेला.

"ही कुणी धुतली?"

"मी," तानूबाई म्हणाल्या. "सोडा घालून. दसरा काढला."

सरांनी खडा परत टाकला. त्यांनी कपाटातून चाचणीची नळी काढली. टाकीतलं पाणी घेतलं, बाटलीतले थेंब टाकले आणि नळी हलवली. पाणी पिवळं राहिलं असतं तर ठीक होतं. ते हिरवं होत गेलं, मग आणखी हिरवं, मग कढीपत्त्याच्या पानासारखं.

"आजी," सर म्हणाले, "खडीवरचा तो चिकटा म्हणजे घाण नव्हती. तीच खडी होती. उरलेला नुसता दगड. आता माशांची घाण वर जाते आणि तशीच खाली येते. सोड्याने ती आणखी जहाल होते."

तेवढ्यात अल्ताफ आला. त्याने सगळं ऐकलं.

"म्हंजे? माझ्या बायकोला उकळत्या पाण्यानं घासली? मावशी, माझी बायको हाय ती!"

"वरून वतलं रे. उकळली न्हाई."

"नसीमला काही होत नाही," सर म्हणाले. "खडीला उष्ण काय, थंड काय. सोमवारी ती आहे तशी उठेल. प्रश्न टाकीतल्यांचा आहे."

तानूबाईंनी वळून टाकीकडे बघितलं. पहिली मेलेली तिलापिया पोट वर करून तरंगत आली होती. त्या पायरीवरून दोन्ही हात टेकत खाली उतरल्या आणि तिला उलटं करून बघितलं. मग कोपऱ्यात बघितलं. मग श्वास सोडला.

"तिला आत्ताच्या आत्ता भाईर काढा," त्या म्हणाल्या. "तुम्ही नाव घ्या, ती हजर म्हणंल. संपलं."

"सोमवारशिवाय नाव घेता येत नाही."

"का?"

"आठवडा पुरा झाल्याशिवाय हाक मारली तर माणूस पुरं येत नाही. पलीकडच्या तालुक्यात एकाला मधेच उठवला होता. चांगला चालतो, बोलतो. पण झोपायला अजून त्याला पाण्याचं पिंप लागतं."

"पिंपात झोपली तरी चालंल मला."

"तो धडधाकट मासा होता, आजी. हिचे कल्ले भाजलेत. पाण्याबाहेर आली तर आधी श्वास कशाने घेईल?"

मग सरांनी सांगितलं ते सगळ्यांनी केलं. पहिलं म्हणजे खाद्य बंद. दुसरं म्हणजे पाणी बदलायचं. नळाचं पाणी चालेना, कारण ग्रामपंचायतीने कालच गावच्या टाकीत जंतू मारायचं टीसीएल टाकलं होतं आणि त्याने उरलेसुरले जीवही मेले असते. म्हणून शिंद्यांच्या विहिरीवरून पाणी आणायचं. अल्ताफने सायकलीला दोन्ही बाजूंनी कॅन बांधले. तानूबाई डोक्यावर घागर आणि काखेत कळशी घेऊन चालल्या. सर बादलीने टाकी उपसत होते. उन्हं चढली. निम्मं पाणी बदललं तेव्हा मासे थोडे खाली गेले. तानूबाईंना वाटलं, टळलं. सरांनी नळी काढली. हिरवं जरा फिकं झालं होतं.

दुपार कलली तशी नळी पुन्हा गडद झाली. आणखी मासे वर आले. काही पोट वर करून तरंगले. प्रत्येक वेळी तानूबाई पायरी उतरत होत्या, उलटं करून बघत होत्या आणि वर येत होत्या.

"पाणी बदलून वेळ निघतो, घाण निघत नाही," सर म्हणाले. "खडी हवी. वस्ती असलेली. तयार."

"दुसऱ्या केंद्रातनं आणू," अल्ताफ म्हणाला. "मी जातो गाडी घेऊन."

"जवळचं केंद्र पाच तासांवर आहे. जायचं, भरायचं, यायचं. तोपर्यंत…" सरांनी वाक्य पुरं केलं नाही.

"मग मी व्हतो खडी. नसीमच्या शेजारी. लिवा माझं नाव."

सरांनी मान हलवली. "माणूस जेवढ्या वर्षांचा, तेवढीच वस्ती त्याच्या खडीवर असते, अल्ताफभाई. तिशीतली खडी रोजची घाण रोज पचवते. साचलेली नाही पचत तिला. तुम्ही निम्म्यात दमाल आणि मग तुमच्याही अंगावर काही उरणार नाही. माझंही तेच." ते थांबले. "साठी ओलांडलेली खडी हवी."

वाफ्यात पंपाचं पाणी पडत होतं. त्याचा तेवढा आवाज राहिला. दोघांनी तानूबाईंकडे बघितलं नाही. दोघंही चपलांकडे बघत उभे होते.

"माझ्याकडं बघा की सरळ," तानूबाई म्हणाल्या. "मस्टर आणा."

"आजी, प्रशिक्षणार्थीला वयाची मर्यादा पंचेचाळीस आहे. तुमचं वय बसत नाही."

"वय बसत नसंल. मी बसते."

"आणि सोबतीच्या माणसाला प्रात्यक्षिकात घेता येत नाही."

"मग?"

सरांनी कपाटातून दुसरी वही आणली. ती साहित्याची होती. पंप, पाइप, जाळी, बादल्या, खडी. त्यांनी पान उघडलं आणि त्यावर हात ठेवून बोलले. "साहित्य म्हणून घेता येतं. त्याला वयाची अट नाही. पण मग सोमवारच्या हजेरीत तुमचं नाव येणार नाही. हजेरी माणसांची होते, साहित्याची होत नाही. साहित्य आत आलं की आतच राहतं."

"कुठवर?"

"खडीचं आयुष्य पंधरा वर्षं धरलेलं आहे. त्यानंतर मोडीत काढायचा अर्ज करता येतो."

"पंधरा वर्सांनी मी किती म्हातारी झालेली असन?"

"खडीचं वय वाढत नाही."

"मग तर बरंच हाय," तानूबाई म्हणाल्या, पण आवाज नेहमीसारखा निघाला नाही. त्या टाकीच्या पायरीवर जाऊन बसल्या. घरचा विचार एकदम गोळा होऊन आला. म्हैस शेजारणीकडे, तिला परक्या हाताने पान्हा सुटत नाही. दिलीप येणार तो कुलपाला बघणार. यंदाचे घट कोण बसवणार, आणि बसवणारी परडी घासून घेईल की तशीच मांडेल? पंधरा दसरे तिथे निघणार आणि त्यांना एकही भांडं हाताला लागणार नाही.

कोपऱ्यात उज्ज्वला कुशीवर झाली होती. एका बाजूचा पंख हलत होता, दुसरा हलत नव्हता. तिचा एक डोळा वर होता. माशाला पापणी नसते. ती सासूकडे बघत होती की नुसतीच वर, हे कळायला मार्ग नव्हता.

तानूबाई उठल्या. पदराला बांधलेलं मंगळसूत्र सोडून त्यांनी अल्ताफच्या हातात दिलं.

"हे तिचं हाय. कमरंची चंची पण धर. सोमवारी उठली की तिला दे. चंची न्हाई, मंगळसूत्र. चंची दिलीपला. आन् त्याला फोन कर, म्हणावं म्हशीला कोंडा भिजवून घाल, सुका घालू नको."

"व्हय मावशी."

"आन् नसीमला सांग, मी मुद्दाम न्हाई केलं."

"तुम्हीच सांगा की. शेजारीच जाताय."

"हां. ते बी खरं." त्या सरांकडे वळल्या. "दुखतं का हो?"

"आजवर कुणी तक्रार केलेली नाही."

सरांनी वहीत ओळ लिहिली आणि जाड आवाजात वाचली, "खडी. जुनी. एक वाफा."

"हजर," तानूबाई म्हणाल्या. काही झालं नाही. त्या तशाच उभ्या.

"साहित्याने हजर म्हणायचं नसतं, आजी," सर हळू म्हणाले.

"मग काय म्हणायचं?"

"काही नाही. नुसतं असायचं."

तानूबाईंना आयुष्यात कुणी नुसतं असायला सांगितलं नव्हतं. त्यांनी हात सोडले. सरांनी ओळ पुन्हा वाचली. या वेळी त्या गप्प राहिल्या आणि वाफ्यात काळपट, चिकट, जड खडी ओतल्याचा आवाज झाला. चपला पायरीपाशी राहिल्या. अल्ताफने त्या उचलून उन्हातून सावलीत ठेवल्या.

खडी होणं म्हणजे पहिल्यांदा थंड वाटतं. मग पाणी येतं. तानूबाईंच्या अंगावर ते आलं तसं झोंबलं. चिरलेल्या हातावर मिरचीचं पाणी पडावं तसं. त्यांनी ते झटकायला बघितलं. झटकायला हात नव्हते.

"झटकू नका मावशी," शेजारून नसीम म्हणाली. "राहू द्या अंगावर."

"नसीम? अगं, तू बोलतीस?"

"मंगळवारी तर वरडत होते. तुम्हाला ऐकू आलं न्हाई. माझ्या लग्नात हळद उतरवताना सुदिक कुणी इतकं घासलं नव्हतं."

"मला वाटलं मळ हाय."

"माझा संसार होता तो मावशी. चांगला बसला होता."

पाणी पुन्हा आलं, पुन्हा झोंबलं. त्यांच्या अंगावर सत्तर वर्षांचं काय काय धरलेलं होतं, ते आता त्यांना कळायला लागलं. ते हलत होतं. भुकेलं होतं. झोंबणारं पाणी आलं की ते त्याच्यावर पडत होतं, आणि खाली गळणारं पाणी वर आलेल्यापेक्षा नरम होत होतं. तानूबाईंची सगळी सवय उलट्या दिशेने ओढत होती. हे पुसावं, ते खरवडावं, कडेचं तरी काढावं. त्या नुसत्या राहिल्या. आजवर केलेल्या कुठल्याही कामापेक्षा हे अवघड होतं.

"ती हाय का गं?" त्यांनी विचारलं.

"पाण्यात बघा," नसीम म्हणाली. "कळतं."

तानूबाईंनी पाण्यात बघितलं, म्हणजे जे पाणी येत होतं ते नीट घेतलं. त्यात मेलेल्या माशांची चव होती. जिवंत माशांची होती. आणि त्यात एक अगदी बारीक, तुटक, धरून ठेवलेला श्वास होता. येत होता, मग येत नव्हता. पंप थांबून पुन्हा सुरू होईपर्यंत त्यांना काहीच कळायचं नाही. पंप सुरू झाला की त्या सगळं सोडून आधी तो श्वास शोधायच्या. एकदा तो आला नाही. पुढच्या पाण्यातही आला नाही. नसीमची खडी घट्ट झाली. मंदाची मुळं त्यांच्या अंगातून गेली होती, तीही ताठ झाली. मग पाणी आलं आणि तो आला. लांबून, खोकल्यासारखा.

शुक्रवारी बाहेरून सरांचा आवाज ऐकू आला. "हिरवट पिवळं." शनिवारी अल्ताफने काठावर टिचक्या मारल्या, आधी नसीमच्या बाजूला आणि मग त्यांच्या बाजूला. रविवारी पाण्यात खाद्याची चव आली. कुणी तरी खात होतं.

सोमवारी प्रार्थनेचा आवाज पाण्यातून घुमत आला. मग सरांचं मस्टर.

"उज्ज्वला दिलीप लेंगरे."

काही नाही. पंप बंद केलेला होता, तेव्हा तानूबाईंना काही घेता येईना. त्यांना फक्त ऐकू येत होतं, आणि ऐकायला काही नव्हतं.

"उज्ज्वला दिलीप लेंगरे," सर पुन्हा म्हणाले. आवाज जाड नव्हता.

"हजर," कुणी तरी घोगरं म्हणालं. मग पुष्कळ खोकला. मग पायरीवर पाणी निथळल्याचा आवाज.

"नसीम अल्ताफ मुलाणी."

"हजर," नसीम म्हणाली आणि वाफा एकदम मोकळा झाला. जाता जाता तिने तानूबाईंना अंगाने ढोसलं. बाहेर अल्ताफ म्हणाला, "या अल्ला, किती गुळगुळीत झालीस!" आणि नसीम म्हणाली, "हात लावू नको, अजून आग होतीय." मंदाही हजर म्हणाली.

"आत्या कुठं आहेत?" उज्ज्वलाने विचारलं.

अल्ताफने मंगळसूत्र तिच्या हातात दिलं आणि सोड्यापासून साहित्याच्या वहीपर्यंत सगळं सांगितलं. चपला सावलीत होत्याच. थोड्या वेळाने वाफ्यात हात आला. ओला, थंड, मधल्या बोटांमध्ये अजून पातळ कातडं असलेला. तो मनगटापर्यंत खडीत शिरला आणि तिथेच राहिला.

"तीन आठवडे राहायला सांगितलं होतं," उज्ज्वला म्हणाली. "तुम्ही पंधरा वर्षं घेऊन बसलात." तिचा आवाज घोगराच होता. "माशांच्या पाण्यात कुणी सोडा घालतं का, आत्या?"

हात बराच वेळ निघाला नाही. मग सर म्हणाले, "तुमची तब्येत बघता पुढच्या तुकडीला आलात तरी चालेल. तसं लिहून देतो."

"या आठवड्याला माझं काय होतं?"

"खडी."

"मग वाचा."

"सोबतीचं माणूस लागेल. नियम आहे."

"आहे की," उज्ज्वला म्हणाली. "वाफ्यातच आहे."

सरांनी तसं लिहून घेतलं. मग ते पायरीवर चढले.

"उज्ज्वला दिलीप लेंगरे. खडी."

"हजर."

खळाळून ती आली. नवी, हलकी, चारी बाजूंना घरंगळत. तानूबाईंवर निम्मी पडली.

"अगं हळू," तानूबाई म्हणाल्या. "सरळ यायचं कळत न्हाई व्हय?"

"सरका जरा, आत्या."

"पाइपच्या तोंडाशी नको बसू. सगळा गाळ तिथं येतो. इकडं ये, माझ्या अंगाला."

"म्हशीचं काय केलंत?"

"दिलीपला सांगितलंय. सुका कोंडा घालणार त्यो, बघ तू."

"घालू दे."

बाहेर कुणी तरी पंपाचं बटन दाबलं. पाइप आधी गुरगुरला, मग त्याला हवा लागली, मग पाणी आलं, आणि दोघी कामाला लागल्या.